श्यामची आई: पिक्चर बघून सासूबाई रडल्या, पोरगी म्हणते ही आई तर मारते!

जेलरोडची_सून
नमस्कार मंडळी, आम्ही राहतो जेलरोडला, नाशिकरोड. परवा रविवारी लाईट नव्हती दुपारभर, संध्याकाळी आली तशी सासूबाई म्हणाल्या मोबाईल बाजूला ठेवा आणि टीव्हीवर तो आचार्य अत्र्यांचा श्यामची आई लावा, जुना, १९५३ चा. लावला. सासूबाई पहिल्या अर्ध्या तासातच पदर डोळ्याला लावून बसल्या, मी पण मधेमधे नाक ओढत होते, आणि आमची पोरगी, सातवीला आहे, चिवडा खातखात सगळा पिक्चर बघितला तिने, कंटाळली नाही हे खरं, पण शेवटी काय म्हणाली, "आजी रडते कारण तिला पुढचं सगळं माहितीये. मला तर ही आई मारणारी वाटली. पोहायला जात नाही म्हणून कोणी मारतं का?"

मला उत्तरच सुचेना. मी साने गुरुजींचं मूळ पुस्तक शाळेत असताना वाचलेलं, तेव्हा असं अजिबात वाटलं नव्हतं. आता प्रश्न असा की पिक्चर आधी दाखवून चूक केली का? आणि २०२३ ला सुजय डहाकेंचा नवीन आला तो दाखवू की सरळ पुस्तक हातात देऊ? ती वाचेल का पण, तिला खोत म्हणजे काय (गावचा सारा गोळा करणारा) इथपासून सांगावं लागतंय.

पंचवटी_काका
ताई, आम्ही हा सिनेमा शाळेच्या पटांगणात पडद्यावर बघितला होता, मधे रीळ तुटायचं तेव्हा पोरं शिट्ट्या मारायची आणि परत सुरू झाला की गप. आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या मराठी सिनेमाला, १९५४ साली, हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं.

पण एक कबूल करतो. आमच्या डोक्यात जी श्यामची आई आहे ना ती निम्मी गुरुजींची आणि निम्मी अत्रे आणि संगीतकार वसंत देसाईंची. भरजरी गं पितांबर आशाबाईंच्या आवाजात ऐकलं की घशात काहीतरी अडकतं, पण गाणं पुस्तकातलं नाही हो, अत्र्यांनी लिहिलंय. छडी लागे छमछम पण तसंच. आमच्या हिला पटतच नव्हतं, तिने कपाटातून पुस्तक काढून शोधलं सगळं!

कॉलेजरोड_रिटर्न्स
मी नवीनवाला थेटरात बघितला. काही लोक बाहेर येऊन म्हणत होते आजच्या जमान्यात ब्लॅक अँड व्हाईट कशाला काढला, मला उलट तेच आवडलं, रंगीत असतं तर कोकण टुरिझमची जाहिरात झाली असती, नारळ पोफळी समुद्र वगैरे. ओम भूतकर गुरुजी म्हणून पटला मला. पण सातवीच्या पोरीला हा दाखवून तिचा प्रश्न सुटेल असं वाटत नाही, मार तो मारच दिसणार.

आणि बाकीचे चिडतील पण बोलतो, पुस्तक पण आता जड जातं भो. प्रत्येक गोष्टीत गुरुजी उपदेशावर येतात. मी दहावीत अर्ध्यात सोडलेलं.

सिन्नरच्या_बाई
@कॉलेजरोड_रिटर्न्स दहावीत सोडलं कारण एका बैठकीत वाचायला घेतलं असणार. ते तसं वाचायचं पुस्तकच नाहीये. ४२ रात्री आहेत, मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री मित्रांना एक गोष्ट सांगतो. मी वर्गात शेवटच्या तासाला एक एक वाचते, पोरं दप्तर भरून ऐकत बसतात.

ताई, तुमच्या लेकीचं चुकलेलं नाही. पिक्चरमधे कॅमेरा बाहेर उभा असतो, त्याला दिसतं काय तर आई शिंपटी घेऊन मारते आणि पोरगं रडतं. पुस्तकात ती गोष्ट मार खाणारा श्यामच सांगतोय, पण कितीतरी वर्षांनी, आणि आई गेल्यावर. माळ्यावर लपलो होतो, मी भित्रा होतो, लोकांनी मला भागूबाई म्हणू नये म्हणून तिने मारलं, हे तो स्वतः सांगतो. आणि पोहून आल्यावर पाठीवरचे वळ आईला दाखवतो तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी येतं. हे वळ पण पडद्यावर दाखवता येतील, पण आता आई नाही आणि आता मला कळतंय, हे जे सांगणाऱ्याच्या आवाजात आहे ते कुठून दाखवणार? सासूबाई रडतात त्या ह्याच्यासाठी, पिक्चरवर नुसत्या नाही रडत, त्यांनी आधी ऐकलेलं असतं.

तरी मारणं बरोबर होतं असं पोरीला सांगू नका बरं का. आमच्या वर्गात पण हात वर होतात, तेव्हा मी म्हणते तेव्हा मारायचे, आता नाही मारायचं, पुढे वाचू.

पोहण्याच्या रात्रीपासून सुरू करू नका. अळणी भाजी घ्या आधी.

पंचवटी_काका
बाईंनी बरोबर सांगितलं. आणि जेलरोडला राहता ना ताई? मग तिला हे सांगा की पुस्तक तुमच्याच जेलात लिहिलंय. १९३३ चा फेब्रुवारी, ९ तारखेला सुरू केलं आणि १३ ला थांबले, पाच दिवस. सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांचं त्र्यंबक एका बाजूला आणि हे जेल दुसऱ्या बाजूला, आणि आपण नाशिककर मिसळीवर भांडतो.

जेलरोडची_सून
अपडेट देते. काकांचं ऐकून काल क्लासहून येताना गाडी जरा हळू घेतली आणि जेलची भिंत दाखवली, म्हटलं इथे लिहिलं. तिचा पहिला प्रश्न, "आईची गोष्ट लिहायला जेलात कशाला जावं लागलं?" मग घरी येईपर्यंत सविनय कायदेभंग सांगत बसले, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकइतकंच लांबलं ते.

रात्री अळणी भाजी वाचली. मी मोठ्याने, सासूबाई मधेमधे दुरुस्त करत होत्या, त्यांना पाठ आहे. रताळ्याच्या पाल्याची भाजी, आई मीठ घालायला विसरली, वडील काही न बोलता जेवले, श्याम पण, आणि मग ती स्वतः जेवायला बसल्यावर तिला कळलं. पोरगी एकदम गप्प झाली. रडली नाही, पण गप्प.

आज दुपारी जेवताना ह्यांनी आमटीभात संपवला, पाणी प्यायले, उठणार तेवढ्यात ही म्हणते, "पप्पा खरं सांगा, मीठ होतं का?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी आमटी चाखली तर खरंच नव्हतं!

बाई, आता पुढची कोणती घेऊ? सासूबाई म्हणतात मोरी गाय, पण ती वाचताना माझाच आवाज जाईल.