लेवी लोक मंदिराबाहेर राजाचं काम पण करायचे का?

वाचनवेडा:
सध्या बायबलमधलं १ इतिहास हे पुस्तक वाचतोय आणि दावीद राजाच्या काळातल्या २६ व्या अध्यायापाशी येऊन अडकलोय. आत्तापर्यंत माझ्या डोक्यात लेवी म्हणजे इस्राएलच्या वंशांपैकी मंदिराच्या सेवेला दिलेला वंश, मंदिरातली माणसं, गाणारे, दारं राखणारे, याजकांच्या हाताखाली राबणारे. पण शेवटच्या तीनचार ओळींत वेगळंच निघालं. हेब्रोनी घराण्यातला हशब्या आणि त्याचे भाऊबंद मिळून १,७०० जण यार्देन नदीच्या पश्चिमेला, आणि यरीयाच्या घराण्यातले २,७०० जण नदीपलीकडे रऊबेनी, गादी आणि अर्धा मनश्शे या इस्राएली वंशांवर नेमलेले, काम काय तर देवाचं आणि राजाचं, दोन्ही एका दमात! म्हणजे हे नक्की करायचे काय? आणि पलीकडे जास्त माणसं कशाला?

जुनं_पान:
त्याआधीचा २३ वा अध्याय परत बघा, तिथे हिशोबच दिलाय. एकूण ३८,००० लेवी, त्यातले २४,००० मंदिराच्या कामावर, ४,००० द्वारपाळ, ४,००० गाणारे-वाजवणारे आणि उरलेले ६,००० अंमलदार आणि न्यायाधीश. आणि २६ व्यातच कनन्या नावाच्या लेवीकडे आणि त्याच्या मुलांकडे तर "बाहेरचं काम" होतं असं स्पष्ट लिहिलंय.

अंमलदारासाठी हिब्रूत शब्द आहे शोतेर, आणि त्याचं नातं अक्कादी भाषेतल्या "लिहिणे" या धातूशी लावतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २० वा अध्याय बघा, लढाईच्या आधी हेच शोतेर सैन्यापुढे उभे राहून पुकारतात की ज्याने नवं घर बांधलंय पण अजून राहायला गेला नाही, ज्याने द्राक्षमळा लावला पण फळ चाखलं नाही, ज्याची मागणी झालीय पण लग्न व्हायचंय, त्याने घरी जावं. म्हणजे कोण आलं कोण गेलं, कुणाला सूट, याची नोंद ठेवणारा माणूस असणार. राजाचं काम म्हटलं की करवसुली डोक्यात येते, पण त्या ओळींत तसं काही नाही, ते आपण घुसवू नये.

मळ्याची_वाट:
मला वाटतं खरी गोम जमिनीत आहे. बाकी वंशांना वाटणीत प्रदेश मिळाले, लेवींना नाही, त्यांना सगळ्या वंशांत विखुरलेली ४८ गावं आणि भोवतीची कुरणं. आता राजाच्या जागी राहून विचार करा, रऊबेनी माणूस रऊबेनींवर नेमला तर तो आधी भाऊबंदांचं बघणार, लेवी मात्र प्रत्येक प्रदेशात आहे, लिहितावाचता आहे आणि त्याचं स्वतःचं वतन नाही.

पलीकडे जास्त माणसं का, तर यरीयाची माणसं गिलादातल्या याजेरला सापडली असं लिहिलंय, दावीदाच्या ४० व्या म्हणजे शेवटच्या वर्षी. याजेर अम्मोनच्या बाजूला, दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडाची धुमश्चक्री पण यार्देनपलीकडेच झाली. अशा भागावर हात घट्ट ठेवावासा वाटला असेल, हा माझा अंदाज. आणि पुढे राज्य फुटून दोन झाल्यावर उत्तरेचा राजा यराबाम याने लेवींना दूर केलं तेव्हा ते कुरणं, मालमत्ता सोडून दक्षिणेच्या यहूदात आले. नुसते पूजापाठवाले असते तर यराबामाला त्यांची एवढी अडचण झाली नसती असं मला तरी वाटतं.

कोरा_कागद:
मळ्याची वाट, मुद्दा आवडला पण एक धोका आहे, लेवींची ही कामं नंतरच्या लेखकाने जुन्या काळात घातली असतील. इतिहासाची पुस्तकं दावीदानंतर कितीतरी शतकांनी, इराणी राजवटीच्या काळात लिहिली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. २ शमुवेल ८ मधे दावीदाच्या अधिकाऱ्यांची यादी आहे, सेनापती यवाब, चिटणीस सराया वगैरे, त्याचा मुलगा शलमोन याची १ राजे ४ मधे आहे, १२ कारभारी आणि प्रत्येकाने वर्षातला एक महिना राजघराण्याची रसद पुरवायची. याजक आहेत, पण लेवी हा शब्दच नाही.

योआश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचे पैसे जमवायला ठेवलेल्या पेटीचं उदाहरण तर समोरासमोर ठेवून वाचा. २ राजे १२ मधे झाकणाला भोक पाडलेली पेटी वेदीजवळ, दार राखणारे याजक त्यात पैसे टाकतात, भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक येऊन मोजतात. २ इतिहास २४ मधे तीच पेटी दाराबाहेर आहे, आणि ती उचलून राजाच्या कचेरीत नेतात कोण तर लेवी.

वाचनवेडा:
आत्ता दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचले, खरंच, एकात लेवी नाहीच! पण यहोशाफाट राजाच्या वेळी पण लेवी अंमलदार आहेत, २ इतिहास १९, आणि तिथे देवाच्या बाबतीत प्रमुख अमऱ्या, राजाच्या बाबतीत जबद्या अशी सरळ विभागणी आहे. हशब्याच्या वेळी दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती ना, मग ती वेगळी कधी झाली, यावर कुणी वाचलं असेल तर लिहा प्लीज.