मदत हवी आहे: परदेशात अटकेत असलेल्या भावाचा चुकीचा नोंदवलेला जबाब आणि दूतावासाची दिरंगाई

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ गेले सात आठवडे परदेशात कोठडीत आहे. वकिलांनी बजावल्यामुळे देशाचे आणि शहराचे नाव येथे लिहीत नाही. मदत करण्यासाठी ते कळणे ज्यांना आवश्यक वाटेल त्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. परदेशी न्यायालयात जबाबाच्या भाषांतराला हरकत घेण्याचा किंवा दूतावासाकडून लेखी उत्तर मिळवण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांचे मार्गदर्शन मला तातडीने हवे आहे.

भाऊ राहतो त्या इमारतीच्या जिन्यात रात्री दोन शेजाऱ्यांची बाचाबाची झाली, आवाज ऐकून भाऊ खाली गेला, आणि झटापटीत त्या दोघांपैकी एक जण पायऱ्यांवरून पडून त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. दोघेही शेजारी त्याच देशाचे नागरिक आहेत. पोलिसांनी दुसऱ्या शेजाऱ्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला आणि भावाला आरोपी केले. भावाबरोबर राहणारा मुलगा त्या वेळी दारात उभा होता आणि त्याने सगळे पाहिले होते. तोही परदेशीच. तो आपणहून दोनदा पोलीस ठाण्यात गेला आणि ‘गरज पडली तर बोलावू’ एवढे ऐकून दोन्ही वेळा परत आला. आजतागायत त्याला बोलावणे आलेले नाही. इमारतीच्या दारावर कॅमेरा आहे, पण त्याचे चित्रीकरण ताब्यात घेतल्याची नोंद आम्हाला मिळालेल्या कागदांत कोठेही नाही.

या सगळ्यात मला रात्र रात्र झोपू देत नाही ती जबाबातली एक ओळ. चौकशीत भाऊ म्हणाला होता, “मी त्यांना सोडवायला खाली गेलो.” दुभाषा फोनवर होता आणि त्याला मराठी येत नव्हते, हिंदी येत होते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी स्वतःचीच भाषा येते. भाऊ अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत बोलत राहिला. दुभाष्याने ‘सोडवायला’ हा शब्द ‘छोड़ने’ असा घेतला असणार, कारण जबाबातले वाक्य परत मराठीत आणले तर ते ‘मी त्याला खाली सोडायला गेलो’ असे होते. भांडण सोडवायला धावलेला माणूस अशा रीतीने जखमी माणसाला सोबत घेऊन खाली जाणारा माणूस ठरला आणि तपास अधिकाऱ्यांनी त्यावरून असा निष्कर्ष नोंदवला की भाऊ त्याला मुद्दाम इतरांपासून दूर नेत होता. जबाब चार पानांचा आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी भावाची देवनागरीतली सही आहे, आणि वरच्या मजकुरातले एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हते.

त्याच रात्री त्याच्यापुढे आणखी एक कागद ठेवला गेला. ‘दूतावासाला कळवू नये’ या चौकटीत त्यावर खूण आहे. भावाच्या आठवणीप्रमाणे तो कागद म्हणजे पाकीट, फोन आणि किल्ल्या जमा केल्याची पावती होती. आम्ही दुसऱ्याच दिवशी दूतावासाला ई-मेल पाठवला. उत्तरादाखल एक क्रमांक आला, दूरध्वनी केला की तो पासपोर्टच्या चौकशीकडे वळवला जायचा, आणि अकराव्या दिवशी कळवण्यात आले की संबंधित व्यक्तीने संपर्क नाकारल्याची माहिती स्थानिक अधिकाऱ्यांनी दिली आहे. ही खूण कोणत्या परिस्थितीत झाली, हे भावाला भेटून विचारावे, असे कोणालाच वाटले नाही. प्रत्यक्ष भेट झाली ती तेविसाव्या दिवशी, वीस मिनिटांची. आलेले अधिकारी सौजन्याने बोलले, प्रकृतीची चौकशी केली, वकिलांची यादी दिली आणि तपासात ढवळाढवळ करता येत नाही, असे सांगून गेले.

दूतावासाने तपास करावा अशी माझी अपेक्षा नाही. वाणिज्यदूत (कॉन्सुलर) संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ५५ व्या कलमानुसार त्या देशाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्याच कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला त्याचे हक्क विनाविलंब सांगणे आणि त्याने विनंती केल्यास त्याच्या दूतावासाला विनाविलंब कळवणे हे अटक करणाऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा व त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून २००१ रोजी जर्मनी विरुद्ध अमेरिका या लाग्रांड प्रकरणात स्पष्ट केले की या कलमातून अटक झालेल्या व्यक्तीलाही स्वतःचे हक्क मिळतात. मेक्सिकोने नेलेल्या अवेना प्रकरणात (३१ मार्च २००४) आणि आपल्या सर्वांना माहीत असलेल्या कुलभूषण जाधव प्रकरणात (१७ जुलै २०१९) कलमाचा भंग झाल्याचे ठरवून शिक्षेचा पुनर्विचार करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मात्र ही सगळी प्रकरणे शिक्षा झाल्यानंतरची आहेत आणि एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध नेलेली आहेत. माझा भाऊ अजून कच्चा कैदी आहे. तपासाची दिशा पक्की झाली ती पहिल्या चार-पाच दिवसांत, नेमकी त्याच दिवसांत त्याच्या बाजूचे कोणी तेथे नव्हते, आणि नंतरची कोणतीही भेट ते दिवस परत आणू शकत नाही. म्हणून निकालाची वाट न पाहता आताच काय करता येईल, हे मला जाणून घ्यायचे आहे.

जबाब चुकीचा नोंदवला गेला आहे, हे सिद्ध करण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण मागावे, दुसऱ्या दुभाष्यासमोर जबाब नव्याने नोंदवण्याचा अर्ज करावा, की भाषातज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र जोडावे? यांपैकी कशाला न्यायाधीश खरोखर वजन देतात? नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १४ व्या कलमात मोफत दुभाष्याचा हक्क आहे, पण त्याचे शब्द न्यायालयातील भाषेबद्दल आहेत. पोलीस चौकशीतील दुभाष्याबद्दल कोणी त्याचा आधार यशस्वीपणे घेतला आहे का? दुसरे असे की दूतावासाला नेमके काय लिहावे, म्हणजे ठरावीक साच्याचे उत्तर येणार नाही? स्थानिक अधिकाऱ्यांनी कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाद्वारे कळवले, एवढी एकच गोष्ट आम्हाला लेखी हवी आहे, आणि सुनावणीच्या दिवशी त्यांचा प्रतिनिधी मागच्या बाकावर का होईना, बसलेला हवा आहे. न बोलता बसणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे, असे मला मनापासून वाटते. परवाच्या फोनवर भावाने विचारले, “दादा, त्या दिवशी त्यांच्यातले कोणी येईल ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

भर, तीन दिवसांनंतर: सर्वांचे मनःपूर्वक आभार. येथील सल्ल्याप्रमाणे दूतावासाला पाठवलेल्या पत्रातून सगळी तक्रार काढून टाकली, फक्त तीन प्रश्न ठेवले, प्रत्येकापुढे तारखेसाठी जागा सोडली आणि पोचपावती घेतली. चौकशीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याचे वकिलांनी कळवले आहे, आणि कॅमेऱ्याचे चित्रीकरण पुसले जाऊ नये म्हणून इमारतीच्या मालकाला त्यांनी नोटीस पाठवली आहे. भावाच्या सोबत्याने आपले म्हणणे नोटरीसमोर लिहून दिले आहे.

आता अडचण आहे ती भाषांतरकाराची. मराठीतून थेट त्या देशाच्या भाषेत शपथेवर भाषांतर करून देणारी व्यक्ती आम्हाला मिळालेली नाही. मराठीतून इंग्रजीत आणि मग त्या भाषेत, असे दोन टप्प्यांचे प्रमाणित भाषांतर न्यायालयात स्वीकारले गेल्याचा अनुभव कोणाला असेल, किंवा असे काम करणाऱ्या कोणाला ओळखत असाल, तर कृपया आजच कळवा. अर्ज दाखल करण्याची मुदत येत्या गुरुवारी संपते.