हिस्सा कागदावर, वसुली एकाकडून
तिघांनी मिळून कर्ज घेतलं तर प्रत्येकाच्या डोक्यावर एकतृतीयांशच बोजा, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते सरसकट खरं नाही. करारात ‘संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार’ असं असेल तर 9 लाखांची थकबाकी अख्खी एकाकडूनच मागता येते, आणि धनको (कर्ज देणारा) गाठतो तो ज्याच्याकडे वसूल होण्यासारखं काही आहे त्यालाच! भरणाऱ्याने मग उरलेल्या दोघांकडून 3-3 लाख आपले आपण काढायचे. त्यातला एक दिवाळखोर निघाला की बसला फटका.

आपापसात हिस्से ठरवून कागद केला तरी त्यावर धनकोची सही नसते, म्हणून तो त्याला बांधत नाही. एखादा सहकर्जदार बाहेर पडत असेल तर धनकोकडून लेखी मुक्तता घ्यावी, आणि ती घेताना बाकीच्यांची जबाबदारी किती उरते तेही त्यातच लिहून घ्यावं.