मदत हवी आहे: पीएचडी करणाऱ्यांना अध्यापन-प्रशिक्षण खरंच सक्तीचं आहे का? (वडोदरा, तातडीचं)

बेन्झीनरिंग
नमस्कार. वेळ कमी आहे, थेट विचारते. विभागात नोटीस लागली आहे की सगळ्या रिसर्च स्कॉलर्सनी अध्यापनाचं प्रशिक्षण पूर्ण करायचं, नाहीतर प्रगती अहवालावर सही मिळणार नाही. वर्ग दुपारी ठेवलेत आणि नेमकी त्याच वेळी माझी बीएस्सीची प्रॅक्टिकल्स असतात. मी तिकडे जाऊन बसले तर लॅबमध्ये पोरांकडे कोण बघणार? गाइड म्हणतात ‘करून टाक’, ऑफिस म्हणतं ‘नियम आहे’. कोणता नियम, ते कोणी दाखवत नाही. सक्तीचं आहे का? सूट मिळते का? शुक्रवारच्या आत नाव द्यायचंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

डांडियाबाजारकर
विद्यापीठ कोणतं? वडोदऱ्यात आता राज्य, केंद्रीय, खासगी सगळी आहेत. आणि तुम्ही पूर्णवेळ का अर्धवेळ? फेलोशिप आहे का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

बेन्झीनरिंग
नाव इथे लिहिणार नाही, उद्या विभागात बोंब व्हायची. नियम सगळ्यांना सारखाच ना? पूर्णवेळ आहे, जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) आहे.

यंत्रतंत्र
स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनआयटीटीटी या शिक्षक-प्रशिक्षणाचे 8 मॉड्यूल आहेत, तेच करा. घरबसल्या होतं, परीक्षा दिली की प्रमाणपत्र. मी केलंय, फार चांगलं आहे.

मांजलपूरकर
@यंत्रतंत्र, ते एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) कॉलेजांत नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी आहे. या बाई रसायनशास्त्राच्या स्कॉलर दिसतायत, त्यांचं ऑफिस ते कशाला धरेल?

@बेन्झीनरिंग, मी शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय, हा नियम आम्हाला पाठ आहे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएचडीचे नवे नियम 7 नोव्हेंबर 2022 ला अधिसूचित झाले. त्यात म्हटलंय की विषय कोणताही असो, प्रत्येक स्कॉलरने पीएचडीच्या काळात आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, शिक्षण, अध्यापनशास्त्र किंवा लेखन यांचं प्रशिक्षण घ्यायचं. मूळ 2020 च्या शैक्षणिक धोरणातलं आहे. म्हणजे ऑफिस खोटं बोलत नाही. पण त्याआधी नोंदणी झालेल्यांना 2016 चे नियम लागतात. तुमची नोंदणी कधीची?

निवृत्त_मास्तर
तारखा नंतर बघा. मुली, मी उभी हयात प्रॅक्टिकल्स घेण्यात घालवली. सोडियम फ्यूजनच्या (काचेच्या ट्यूबमध्ये सोडियम तापवायच्या प्रयोगाच्या) दिवशी एक पोरगा ट्यूब धुऊन ओलीच घेऊन आला आणि त्यात सोडियम टाकला. ट्यूब फुटली, डोळा थोडक्यात वाचला. लॅबमध्ये उभा होता तो स्कॉलर आपल्या विषयात हुशार, पण सुरुवातीलाच प्रत्येकाची ट्यूब कोरडी आहे ना ते उजेडाकडे धरून पाहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे एमएस्सी झाली की दुसऱ्या दिवशी पोरांपुढे उभं करतात. शाळेत शिकवायला बीएड लागतं, कॉलेजात काहीच नको? सक्ती आहे हे उत्तमच आहे.

बेन्झीनरिंग
सर, तुमचं म्हणणं मान्य. पण हे वर्ग तसले नाहीत. वेळापत्रकात ब्लूमची टॅक्सॉनॉमी (शिकण्याच्या पातळ्यांची वर्गवारी), पाठनियोजन आणि पीपीटी कशी करावी एवढंच आहे. लॅबबद्दल एक ओळ नाही. मी रोज टायट्रेशनला उभी असते. परमँगनेट गडद असतं, म्हणून ब्युरेटवर (खुणांच्या काचनळीवर) द्रवाची वरची कड वाचायची, हे चाळीस पोरांना एकेकाच्या खांद्याशी उभं राहून दाखवते. ‘बेन, आटलो गुलाबी चाले?’ (एवढा गुलाबी चालेल का?) असं विचारतात, तेव्हा रंग तीस सेकंद टिकतो का ते त्यांच्याबरोबर मोजते. मला प्रशिक्षण नको असं नाही. मला लॅबचं प्रशिक्षण हवंय, आणि माझ्या बॅचच्या वेळेत नकोय.

परदेशस्थ
इंग्लंडमध्ये बऱ्याच विद्यापीठांत शिकवायला सुरुवात करण्याआधीच छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुढे अ‍ॅडव्हान्स एचई या संस्थेची असोसिएट फेलोशिपही घेता येते, नोकरीच्या अर्जात तिचा उपयोग होतो. आणि शिकवण्याच्या तासांचे पैसे वेगळे मिळतात. तुम्हाला मिळतात का?

डांडियाबाजारकर
इंग्लंडचं इथे कशाला? सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते आधी 1893 मध्ये अमरेलीत करून पाहिलं, मग 1906 मध्ये सगळ्या संस्थानात. आता कागद आला की थेट नोटीस. असो. बाई, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेलीच आहे ना? मग 1 जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडीची अट राहिलेली नाही. सोडून द्या आणि नोकरीला लागा.

मांजलपूरकर
त्यांनी पीएचडी सोडू का असं विचारलंय का? कृपया धाग्यावर राहू या. नोंदणीची तारीख अजून आलेली नाही, आणि सगळं तिच्यावरच अडलंय.

बेन्झीनरिंग
तारीख एवढी महत्त्वाची असेल असं वाटलं नव्हतं. प्रवेश सप्टेंबर 2022 चा, नोंदणीचं पत्र जानेवारी 2023 चं. कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजी, रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स आणि शास्त्रीय लेखनाचा एक पेपर होता, तिन्ही पास आहेत. आणि @परदेशस्थ, नाही, वेगळे पैसे नाहीत. आठवड्याला तीन बॅचेस, प्रत्येकी चार तास.

मांजलपूरकर
आता नीट सांगता येईल. नियमात शब्द ‘नोंदणी’ हाच आहे, म्हणून पत्र जानेवारी 2023 चं असेल तर 2022 चे नियम लागतील असंच धरून चला. सूट मागू नका, मिळणार नाही. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. एक, प्रशिक्षण किती तासांचं, कुठल्या वेळेत, हे यूजीसीने ठरवलेलं नाही, ते विद्यापीठाच्या ऑर्डिनन्समध्ये (स्वतःच्या नियमावलीत) असतं. तो मागून घ्या. दोन, नियमात अध्यापनाबरोबर ‘लेखन’ही आहे. तुमचा शास्त्रीय लेखनाचा पेपर त्यात बसतो असा अर्ज करता येईल.

आणि जे तुम्ही विचारलंच नाही तेही सांगते. त्याच नियमांत लिहिलंय की स्कॉलरला ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी आठवड्याला 4 ते 6 तास काम देता येईल. तुम्ही 12 करताय. ऑफिस नियम दाखवतंय, तर तुम्हीही हा दाखवा.

निवृत्त_मास्तर
12 तास हे चूकच, त्यावर जरूर बोल. पण लेखनाच्या पेपरवर प्रशिक्षणातून सुटका करून घेणं मला पटत नाही. पेपर लिहायला शिकणं वेगळं, समोरच्या पोराला शिकवणं वेगळं. नियमात एका ओळीत आले म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

मांजलपूरकर
सर, नियम लिहिणाऱ्यांनीच ते एका ओळीत ठेवलंय. ज्या मुलीची रिॲक्शन रात्रभर चालते आणि दिवसा, आठवड्याला 12 तासांच्या बॅचेस आहेत, तिला पीपीटीच्या वर्गात बसवून लॅबमधला कुठला डोळा वाचणार आहे? तुम्हीच सांगितलेला अपघात त्या वेळापत्रकात कुठे बसतो?

निवृत्त_मास्तर
तिथे बसत नाही, हे खरं आहे. मग लॅब-सुरक्षेचं सत्र त्यात घाला, अशी मागणी लेखी करा. जुने लॅब असिस्टंट असतील त्यांना बोलवा, त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

बेन्झीनरिंग
हे मला पटलं. लेखनाच्या पेपरचा मुद्दा मी सध्या ठेवतेय बाजूला. अर्जात तीन मागण्या लिहिते: सकाळची बॅच द्या, त्यात लॅबचं सत्र घ्या, आणि माझ्या तीन बॅचेसपैकी दीड कमी करा म्हणजे सहा तासांवर येईल. गाइडची शिफारस जोडू का?

मांजलपूरकर
जोडा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ‘दीड बॅच’ असं मात्र लिहू नका, कोणालाच कळणार नाही. ‘आठवड्याला सहा तास’ असंच लिहा. यूजीसीच्या नियमांची प्रिंट काढून ती ओळ पिवळी करा. ऑर्डिनन्सची प्रत वेगळ्या कागदावर मागा, एकाच अर्जात घातली तर तेवढीच देतील आणि बाकीचं राहून जाईल.

डांडियाबाजारकर
आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. नाव मात्र शुक्रवारच्या आत देऊन ठेवा, ‘वेळेबाबतचा अर्ज सोबत जोडला आहे’ असं त्यावर लिहून. यादीतून नाव राहिलं तर पुढच्या सत्रापर्यंत बसावं लागेल.