व्हिडिओ कोणी पाहून येत नाही, सांख्यिकी शिकवायची कशी?

संत्रानगरीचा मास्तर
नमस्कार मंडळी. नागपुरात बीएस्सी दुसऱ्या वर्षाला शिकवतो. वर्गात 60 पोरं, निम्मी काटोल-उमरेडकडून एसटीनं येणारी. 40 टक्क्यांपर्यंत ऑनलाइन शिकवा, असं यूजीसीनं 2021 मध्ये सुचवलं, तेव्हापासून मनात होतं. यंदा केलं. रात्री जागून स्टँडर्ड एररचा (नमुन्यांच्या सरासऱ्या किती पांगतात, त्याचं माप) 42 मिनिटांचा व्हिडिओ बनवला, घरून पाहून यायला सांगितलं. सोमवारी विचारलं, किती जणांनी पाहिला? सात हात वर. मग काय, सगळं परत फळ्यावर! त्या सातांना सूत्र पाठ, पण ‘n, म्हणजे नमुन्याचा आकार, चौपट केला तर काय होईल?’ म्हटलं की खिडकीबाहेर बघतात. काय चुकतंय?

तिसरा बाक
सर, राग नका मानू, पोरं हुशार आहेत. सोमवारी फळ्यावर येणारच आहे, तर 42 मिनिटं कोण घालवेल? परत शिकवणं बंद करा. वर्गात शिरताना दोन प्रश्नांची चिठ्ठी, आणि न पाहिलेल्यांनी मागच्या बाकावर इअरफोन लावून पाहायचं. पहिले दोन आठवडे माझ्याच पोटात कालवाकालव व्हायची.

आणि वर्गात नुसती गणितं नकोत. सांख्यिकीतज्ज्ञ अ‍ॅन्सकोम्बचे 1973 चे चार डेटासेट चार गटांना वाटा. प्रत्येकात 11 जोड्या, x ची सरासरी 9, y ची 7.5, सहसंबंध 0.82 च्या आसपास. उत्तरं सारखीच आली की पोरं एकमेकांवर कॉपीचा आरोप करतात. मग आलेख काढायला लावा. एकाचा निघतो वक्र, दुसऱ्याची सरळ रेघ आणि एकच ठिपका भरकटलेला. तो गलका व्हिडिओत कुठून येणार?

उमरेड फास्ट
42 मिनिटं? बाप्पा! मी विद्यार्थिनीच आहो. गाडी गावाबाहेर निघाली की नेटवर्क जाते, व्हिडिओ गोल गोल फिरत राहते. सात-आठ मिनिटांचे तुकडे करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना जी, आम्ही कॉलेजातच उतरवून घेऊ.

संत्रानगरीचा मास्तर
ताई, लागलं, पण खरं आहे. व्हिडिओचे पाच तुकडे केले. चिठ्ठीही सुरू केली. काल 38 जण पाहून आले होते.

वर्गात मात्र संत्री नेली. 60 नग, घरचा वजनकाटा (बायकोला अजून सांगितलं नाही). प्रत्येकावर स्केचपेननं नंबर, वजनं फळ्यावर. प्रत्येक गटानं डब्यातून त्या नंबरांची एक चिठ्ठी काढायची, नंबर लिहायचा, चिठ्ठी परत डब्यात. आधी चार-चारची सरासरी, मग सोळा-सोळाची. चारवाल्या सरासऱ्या फळ्यावर दूरदूर पांगल्या, सोळावाल्या दाटीवाटीनं बसल्या. मागून एक पोरगी म्हणाली, ‘सर, संत्री चौपट, पण पसारा निम्माच कमी झाला?’ पसारा n च्या वर्गमुळानं घटतो, हे तिनं स्वतःच ओढून काढलं. मी खडू खाली ठेवला.

तास संपला तेव्हा पेटीत 41 संत्री होती. बाकीचा डेटा मिसिंग.