‘प्लॅटफॉर्म कॅपिटलिझम’ला मराठीत काय म्हणायचं?

ऐरोलीकर : अ‍ॅपवरून ग्राहक आणि काम करणारे जुळवून कमावणाऱ्या कंपन्यांची ही भांडवलशाही. तिला चालेल असा शब्द हवाय. ‘मंचीय भांडवलशाही’ लिहिलं, तर आमच्या अंकाचे संपादक म्हणतात, नाट्यसंमेलनावर लेख आहे का!

नौपाडा : ‘भांडवल’ तरी कशाला ठेवता? संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे भांडं, तसाच विक्रीचा मालही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत भांडवल म्हणजे शेड, लेथ, कच्चा माल. अ‍ॅपवाल्याकडे यातलं काय आहे? बाईक डिलिव्हरी करणाऱ्या रायडरची, पेट्रोल रायडरचं, मोबाईलही त्याचाच.

महापे : असं कसं? ठाणे-बेलापूर रस्त्याला या, कारखान्यांच्या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत. सॉफ्टवेअरची पुढची प्रत जवळपास फुकट निघते हे खरं, पण ती चालवायला जागा, वीज, कूलिंग, डिझेलचे जनरेटर लागतात. हे भांडवल नाही तर काय?

वाशीवाले काका : अहो, शब्द आमच्या मार्केटात पडलाय : अडत. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, मधला अडत्या टक्केवारी घेणार. ती कोणी भरायची हे भांडणही जुनंच. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा केवढा गहजब झाला!

ऐरोलीकर : काका, शब्द झकास. पण अडत्याला बाजार समितीचा परवाना लागतो, बाजार त्याचा नसतो. इथे अ‍ॅपवर गाळा, काटा, भाव सगळं एकाच्याच हातात.

वाशीवाले काका : मग ‘हत्ता’ घ्या. रुमालाखाली बोटं दाबून सौदा. ज्याचा माल तो शेजारीच उभा, पण आकडा त्याला कळत नाही. उघड लिलावाचा नियम आला तो याच्यासाठीच. तेवढ्याच अंतराच्या दोन ऑर्डरींचे वेगवेगळे पैसे का, हे रायडरला कोण सांगतं?

नौपाडा : हत्ता चपखल. जोडीला २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिताही बघा. गिग कामगार, म्हणजे रायडरसारखा सुट्या कामांवर कमावणारा, त्यात नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचा धरलाय, अ‍ॅग्रिगेटरकडून, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडून, वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद आहे. कायद्यालाही ‘मालक’ म्हणवेना!

ऐरोलीकर : ठरलं. शीर्षकात ‘अडतशाही’, हत्ता आतल्या परिच्छेदात.

महापे : माझा विरोध नोंदवा. अडत्याकडे सर्व्हर नसतात. ‘बाजारमालकी’ म्हणा.