मदत हवी आहे: उबुंटूवर लॉगिनच्या स्क्रीनला ऑर्का (स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम) बोलतच नाही

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो, मला अजिबात दिसत नाही, विंडोजवर बारा वर्षं एनव्हीडीए हा तसलाच स्क्रीन रीडर वापरलाय त्यामुळे की-बोर्डचं काही अडत नाही, फक्त "माऊसने क्लिक करा" एवढं सांगू नका म्हणजे झालं. लॅपटॉप जुना आहे, विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं जे ह्यात नाहीये, म्हणून भाच्याकडून विंडोजच्या जागी उबुंटू ही लिनक्स सिस्टीम टाकून घेतली. (बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग, काही बोलत नाही, तिथे डोळसांचे पाय धरावेच लागतात.)

एकदा आत शिरलं की ऑर्का मस्त चालतो, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये तर तक्रारच नाही. पण मशीन सुरू केलं की लॉगिनला शुकशुकाट. स्क्रीन आली का अजून सुरूच होतंय काही कळत नाही, पंख्याला कान लावून बसतो आणि अंदाजाने पासवर्ड हाणतो, कधी लागतो कधी नाही. सेटिंगमध्ये स्क्रीन रीडर चालूच आहे, दोनदा तपासलं. भाचा आता परत गेला आणि दर वेळी त्याला फोन करायची लाज वाटते.

दुसरं म्हणजे मराठी मजकूर आला की कुणी हिंदीवाला वाचतोय असं वाटतं. आणि वेबपेजवर एनव्हीडीएच्या सवयीने इन्सर्ट-स्पेस दाबलं जातं तर ऑर्काच्या सेटिंगच उघडतात!! ब्राउझ मोड (बाणाच्या बटणांनी पान वाचत जायचा मोड) बदलायचं बटण कुठलं इथे?

प्रतिसाद १:
दादा, लॉगिन स्क्रीन वेगळ्या युझरखाली चालते, तुमच्या खात्यातलं सेटिंग तिला लागू होत नाही. तिथेच ऑल्ट + विंडोजचं बटण + एस दाबा आणि दोन-चार सेकंद थांबा. घाईत परत दाबलंत तर चालू झालेला बंद होईल, मी स्वतः असा अर्धा तास घालवलाय. मोड बदलायला इन्सर्ट-ए. इन्सर्ट-एच दाबलं की शिकायचा मोड येतो, जे बटण दाबाल त्याचं काम सांगतो, बाहेर पडायला एस्केप. मराठीसाठी तेच इन्सर्ट-स्पेस, तिथे आवाजाच्या टॅबमध्ये ई-स्पीकची (मजकुराचं बोलणं करणारा प्रोग्राम) भाषा मराठी करा. आवाज तोच यंत्रासारखा राहणार हां, गोडवा शोधू नका.

प्रतिसाद २:
पुढच्या वेळी भाच्याची वाट बघू नका. डेबियनचा (उबुंटूसारखंच दुसरं लिनक्स) इन्स्टॉलर सुरुवातीच्या मेनूला बीप देतो, तेव्हा एस आणि एंटर दाबायचं, पुढचं सगळं इन्स्टॉलेशन बोलत बोलत होतं. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये तो पुढे घ्यायला मी बी माय आइज अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल लावला होता, पलीकडचा स्वयंसेवक स्क्रीन वाचत गेला.

धागाकर्ता:
बोलला!!! पहिल्यांदा मीही दोनदाच दाबलं, सांगूनसुद्धा. इन्सर्ट-ए पण जमलं. मराठी बऱ्यापैकी बरं झालं, वेग कमी केल्यावर जास्तच. पेनड्राइव्हवर डेबियन घेऊन ठेवतो, पण आधी कळवा, इन्स्टॉल करताना जुना डेटा उडणार नाही हे नुसतं ऐकून कसं ओळखायचं? पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) यादीत सगळे आकडेच आकडे असतात म्हणे.